सासऱ्यांसाठी पहिला पेला

चहातलं मला सगळं कळतं! हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. पण यंदाच्या वसंतात भर अंगणात, मेव्हण्यासमोर, मी ते मोठ्याने बोललो होतो. तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही.

मी चाळीस वर्षं शाळेचा ग्रंथपाल होतो. लाँगजिंग या आमच्याकडच्या हिरव्या चहावर जे जे छापून आलं ते सगळं वाचलेलं. पानं चपटी का? तर म्हणे एका सम्राटाने ती बाहीत दाबून राजधानीला नेली म्हणून. खळखळतं पाणी का नको? कोवळं पान होरपळतं म्हणून. त्याच पानांवर ओतलेलं दुसरं पाणी पहिल्यापेक्षा गोड का, यावर माझी अकरा पानी टिपणं आहेत. फक्त एक गोष्ट कधी जमली नव्हती: चहा करणं.

माझे सासरे शेन म्हातारबुवा म्हणजे आमच्या डोंगरातले नावाजलेले कढईवाले. तापलेल्या लोखंडी कढईत उघड्या तळव्याने पानं दाबून दाबून त्यांचा तळवा वहाणेसारखा झाला होता. माझ्या लग्नाच्या वर्षी त्यांनी मला एकदाच कढईवर बसवलं. मग माझा चहा पेल्यात घातला. पेल्यातलं एकेक करपलेलं पान चिमटीने काढलं आणि टेबलाच्या कडेला रांगेत मांडत गेले. चाळीस पानं भरली. मग उठून शांतपणे कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. त्यानंतर मी कढईला हात लावला नाही. सासरे जाऊनही आता सहा वर्षं झाली.

यंदा त्यांच्यामागे कढईवर बसणाऱ्या मेव्हण्याचा, बाओगेनचा, खांदा निखळला.

"दाजी, कढई उखडून टाकतो," तो म्हणाला. "मशीन आणतो. बटण दाबलं की चहा!"

"बाबांची कढई?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मी करतो की! चहातलं मला सगळं कळतं!"

बायको चायलिएन म्हणाली, "अहो, तुम्हाला अंडं उकडता येत नाही."

पण ठरलं. थडगी झाडण्याच्या सणाला पहिल्या खुडीचा चहा आधी बाबांना द्यायचा, मग सगळ्यांनी चाखायचा. जमला असेल तर कढई राहील. नसेल तर मशीन! सहा दिवस मी कढईपुढे बसलो. दहाही बोटांना फोड आले आणि डब्यात जेमतेम तळ झाकेल एवढा चहा आला. भाजलेल्या चेस्टनटसारखा वास येत होता. निदान मला तरी येत होता.

सणाच्या दिवशी आम्ही सकाळी थडगं झाडून आलो. परतताना डोंगरावरचं धुकं आमच्या मागोमाग आलं आणि उंबरा ओलांडून सरळ घरात शिरलं. भर दुपारी समोरची भिंत दिसेना! बैठकीच्या चौकोनी टेबलावर पांढरं कापड, पुढे उदबत्ती आणि तीन बाजूंना रिकामी बाकं. पूर्वज येऊन बसायचे ते त्यांच्यावरच. उदबत्ती संपेपर्यंत बाकांना धक्का लावायचा नाही आणि टेबलाखाली वाकायचं नाही. बसलेल्यांचा तोल जातो.

"अहो, लंगडी कोंबडी कुठे दिसली का?" बायको कुजबुजली.

"अगं, आत्ता कोंबडी कसली!"

मी काचेच्या पेल्यात पानं टाकली आणि किटली तीनदा वर-खाली करत पाणी ओतलं. पानं उभी राहिली. मग एकेक करत सगळी सरकली आणि रिकाम्या बाकाकडच्या काचेला जाऊन टेकली. वाफसुद्धा तिकडेच झुकली. दारं तर बंद होती!

टक टक.

मग थांबून पुन्हा: टक टक.

आमच्याकडे कुणी चहा ओतला की तोंडाने आभार मानत नाहीत. दोन बोटं वाकवून टेबलावर आपटतात. मी सगळ्यांचे हात पाहिले. आत्याबाईंचे बाह्यांत, बायकोचे तोंडावर. बाओगेनचा एक गळ्यातल्या झोळीत आणि दुसऱ्याने त्याने माझं मनगट आवळलं होतं.

"दादा आला!" ऐंशी वर्षांच्या आत्याबाई अगदी सहज म्हणाल्या. सासऱ्यांच्या त्या धाकट्या बहीण. "अस्संच वाजवायचा. दोनदा, थांबून दोनदा. जावईबापू, बघताय काय? आवडलाय त्याला. अजून ओता!"

"आत्या, पेला भरलेलाच आहे..."

"म्हणून काय उष्ट्यात ओतणार? नवा घ्या!"

मी नवा पेला भरला. टक टक. तिसरा भरला. टक टक, टक टक! चौथा, पाचवा... घरातले पेले संपले. बायकोने मोरीतून दात घासायचा मग आणला.

"ताई! बाबांना दात घासायच्या मगातून?" बाओगेनला रडू फुटायचं बाकी होतं.

"धुतलाय मी!"

तोही भरला. डबा उलटा करून मी तळ ठोकला आणि तेवढ्यात टेबलातूनही तसंच उत्तर आलं. मी जमिनीवर बसलो.

"बाबा," बाओगेन रिकाम्या बाकाला म्हणाला, "समजलं. कढई राहील. दाजींनाच देतो. आता बास करा!"

आयुष्यात प्रथमच मला कुणी पास केलं होतं, आणि तेही मेलेल्या माणसाने! भीतीने दातखीळ बसलेली असतानाही मला आनंद झाला, हे कबूल करतो.

उदबत्तीची राख पडली. त्याच क्षणी कापड हललं, वर उचललं गेलं आणि खालून लंगडी कोंबडी बाहेर आली. टेबलाखालच्या फळीवर सांडलेल्या सूर्यफुलाच्या बिया ती टिपत होती. आमच्याकडे पाहून तिने फळीवर शेवटचं टोचून दाखवलं. टक टक.

आधी आत्याबाई हसल्या. मग बायको. बाओगेन हसला नाही. "म्हणजे दाजी, तुमचा चहा कोंबडीने पास केला! आता चाखायलाही उरला नाही. परवा मशीन येईल."

मृतांना दिलेला चहा जिवंतांनी प्यायचा नसतो, उंबऱ्यावर ओतायचा. बायको आणि आत्याबाई कोंबडीमागे अंगणात गेल्या, बाओगेन दारात पाठ करून उभा राहिला आणि मी एकेक पेला नेऊन ओतू लागलो. शेवटी उरला तो पहिला, बाकासमोरचा. तो उचलायला गेलो आणि हात तसाच राहिला.

पेल्यातलं पाणी निम्म्यावर होतं. टेबलाच्या कडेला, बाकाच्या बाजूला, ओली पानं रांगेत मांडलेली होती. एकेक सरळ, देठ एकाच दिशेला. प्रत्येकाची कड करपलेली.

"बाओगेन," मी म्हटलं.

तो आला. त्याने पाहिलं. टेबलाला आणि बाकाला हात न लावता तो दोन पावलं मागे सरला.

"तुम्ही मांडलीत?"

मी माझी फोडांनी सुजलेली बोटं त्याच्यापुढे धरली. त्यांनी धड काडीसुद्धा चिमटीत धरता येत नव्हती.

बाहेर अंगणात कोंबडी ओरडत होती. आत रिकामं बाक हळूच करकरलं, वजनदार माणूस उठल्यावर करकरतं तसं. मग मागच्या दाराकडे धुक्यात काहीतरी हललं. कोंबड्यांच्या दाण्यांचं टोपलं तिकडेच असतं.

बऱ्याच वेळाने बाओगेनने पानं मोजली. "सात," तो म्हणाला. "तुमच्या लग्नाच्या वर्षी किती होती, दाजी?"

"चाळीस."

तो हलक्या आवाजात म्हणाला, "मशीन राहू दे."

कढई आता माझ्याकडे आहे. ती सात पानं मी वाळवून टिपणांच्या वहीत ठेवली आहेत आणि अधूनमधून भिंगाखाली पाहतो. खरं सांगू? सातवं पान करपलेलं नाहीच, नुसतं जरा तांबूस आहे. पण सासऱ्यांशी वाद कोण घालणार!