टेकलेली नाव

धोंडीतात्या इंजिन बंद करायचे ते घड्याळ बघून नव्हे, नाव बघून. घाटाखालच्या डोहात त्यांची जुनी नाव बांधलेली असे. तिचा तळ चिखलाला टेकला की तात्या हात घालून खात्री करत, वर येऊन इंजिन थांबवत आणि जाहीर करत, "आता नदीची पाळी."

कराडच्या खाली आमचं गाव. साठ सालानंतर पूल झाला आणि माणसं पैलतीरी नेणारी तात्यांची नाव बसून राहिली. त्याच सुमारास कारखान्याने गावाला उसाचं वेड लावलं. पाणीपुरवठा सोसायटीने नदीवर तेलाचं इंजिन बसवलं आणि रिकाम्या तात्यांना ते चालवायला ठेवलं. ही अक्कल कुणाची, हे आजही कुणी कबूल करत नाही.

उन्हाळ्यात नदीचा डोह तेवढा उरायचा. चेअरमनची पाळी असो की माझी, नाव टेकली की पाट कोरडा. आम्ही शिव्या घालायचो. तात्या विडी ओढत, पाझराने पाणी चढायची वाट बघत बसायचे.

मी शाळामास्तर, पण एक एकर ऊस माझाही. एका मे महिन्यात तो पिवळा पडायला लागला, तेव्हा कमिटीत मीच तोड सुचवली. नावच काठावर ओढून ठेवा, म्हणजे टेकायला काही उरणार नाही. चौघांनी ओढली. मी स्वतःवर खूश होऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, माझ्या पाळीत, इंजिन थांबलं. तणतणत घाटावर गेलो. तात्या धोतर खोचून डोहात उभे होते.

"आता काय टेकलं?" मी विचारलं.

"गुडघा उघडा पडला, मास्तर. नदीची पाळी."

त्यांना ओढून काढायला मी पाण्यात उतरलो आणि थबकलो. तात्यांच्या सावलीत मासे गोळा झाले होते.

"नावंच्या सावलीला असायची," तात्या हळूच म्हणाले. "काल लय तडफडली उन्हात." मग माशांकडे बघत, "पूल झाल्यापास्नं माझ्याकडं दुसरं कोण येतंय?"

मला फार लाज वाटली. संध्याकाळी आम्ही दोघांनी नाव पुन्हा पाण्यात ढकलली. एका दिवसाच्या उन्हानं तिच्या फळ्या उकलल्या होत्या. तात्या फटींत चिंध्या कोंबत बसले.

माझा कडेचा ऊस वाळला तो वाळलाच. बायकोनं विचारलं, आपलं पाणी कुणी घेतलं? मी म्हणालो, आपली पाळी नव्हती.