मी बाळंतीण झालो त्याची हकिकत

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझं काही म्हणणं नाही, गोष्टच तशी आहे. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर एक केस नाही, तोंडात एकही दात स्वतःचा नाही, अशा अवस्थेत मी बाळंतीण झालो. नुसता झालो नाही. वैजापूरहून आलेल्या एका खानदानी बाईनं खणानारळानं माझी ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं आणि 'अंगावर दूध येतंय का गं?' असं मला विचारलं. अख्ख्या मुकुंदवाडीत एवढा मान मिळालेला दुसरा पुरुष असेल तर त्यानं समोर यावं. मी माझी टोपी त्याच्या पायावर ठेवतो.

झालं असं. आमची प्रेरणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई सुदर्शनराव नोकरीला पुण्यात, घर वैजापूरचं. बाळंतपण काही सोपं गेलं नाही. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन 'रक्ताची सोय करा' म्हणाल्या तेव्हा मी भिंतीला असा टेकलो की शेजारच्या बाकड्यावरचा माणूस उठून उभा राहिला. भिकन त्याचं नाव. मेंढरं राखणारा, आपल्या सुनेला घेऊन आलेला. ना ओळख, ना पाळख. म्हणाला, "बाबा, तुमी बसा. माजं घेतील." आणि दिलं की त्यानं. मी चहा पाजला, तो पिऊन सुनेकडं निघून गेला. तेव्हापासून रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला की मी थांबून हात जोडतो. लोकांना वाटतं, म्हातारा भ्रमला.

लेक वाचली, नात वाचली. मला आणखी काही नको होतं. पण प्रेरणाला आरसा दिसला.

ही पोरगी कॉलेजात असताना आरशापुढून हलवायला माणूस पाठवावा लागायचा. आता तिच्या डोळ्यांखाली कुणी तवा घासल्यासारखं काळं झालेलं. गाल आत, हाडं बाहेर. कंगव्यात इतके केस यायचे की चिमण्यांनी आमच्या अंगणात घर बांधायला काढलं. नात दिवसा साधुसंतासारखी झोपायची आणि दिवे मालवले की मैफल सुरू करायची. सुदर्शनरावांचा व्हिडिओ कॉल आला की प्रेरणा फोन धरायची तो लेकराच्या पायांवर.

"अगं, तुझं तोंड दाखव ना," ते बिचारे म्हणायचे.

"नेट नाय इथं," ही म्हणायची. पायांपुरतं नेट होतं, तोंडापुरतं नव्हतं!

त्यात लस द्यायला नेलं तिथली नर्सबाई म्हणाली, "आजी, बाळाच्या आईला पाठवा आत." माझी बायको मनकर्णाबाई शेजारीच उभी होती. ती पटकन "व्हय, व्हय" म्हणाली. पण नर्सबाई बघत होती ती प्रेरणाकडं.

घरी आल्यावर मनकर्णाबाई लेकीला म्हणाली, "तोंडाचं काय घेऊन बसलीस? ते येईल मागून. तू आलीस ना परत, मला बस झालं."

"तुला बस झालं, आई. मला नाय झालं."

आता तो दिवस. त्याआधी आमच्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीची तुम्हाला कल्पना द्यायला हवी. खिडक्या बंद. दाराला गोधडी. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा, त्यांचा धूर असा की आत गेलेला डास खोकत बाहेर येतो. बाळंतिणीच्या कानात कापूस, डोक्याला स्कार्फ, अंगात स्वेटर, पायात मोजे आणि ह्या सगळ्यावर शाल. वारं लागता कामा नये. त्या वेशात नवऱ्यानं बायको ओळखली तर त्याला पोलीस खात्यात घ्यावं.

त्या दुपारी मनकर्णाबाई प्रेरणाला न्हाऊ घालायला मोरीत घेऊन गेली. नात माझ्या ताब्यात. दोघींची पाठ वळली आणि हिनं भोंगा सुरू केला. मी खुळखुळा वाजवला, भजन म्हटलं, बैलाचा आवाज काढला. काही नाही. मग माझ्या ध्यानात आलं, लेकराला आईचा वास पाहिजे. मी लगेच तजवीज केली. प्रेरणाचा स्वेटर चढवला, स्कार्फ बांधला, शाल घेतली. कवळी काढून वाटीत ठेवली, कारण माझी कवळी झोपेत वाजते. आणि नातीला छातीवर घेऊन बाजेवर आडवा झालो. पोरगी गप. दोन मिनिटांत घोरायला लागली.

झोपलेल्या लेकराखाली असलेल्या माणसाला हलायचा अधिकार नसतो, हे तुम्हाला माहीत आहेच. आणि नेमकी त्याच वेळी गोधडी बाजूला झाली.

आवडाबाई. प्रेरणाची आतेसासू, म्हणजे जावयाच्या वडिलांची बहीण. बाई मनानं वाईट नाही, पण तोंडाला दार नाही. बाहेरच्या उन्हातून आलेली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला, आणि समोर धूर.

"झोपलीस का गं पोरी?"

बोललो तर नात उठणार. मी नुसतं "हूं" केलं.

"आवाज बी बसला व्हय." ती बाजेच्या काठावर टेकली. "काय गं ही दशा? लग्नात कशी कणसावानी टच्च व्हतीस. आता माझ्याहून थोरली दिसू राहिली."

खोटं कशाला बोलू, मी तिच्याहून थोरला आहेच. पण तोंडावर कुणी म्हणालं की लागतं हो.

मग तिनं मायेनं माझ्या स्कार्फात हात घातला. हात पुढं गेला, मागं आला, पुन्हा पुढं गेला. "अगं माय. समदेच गेले?" आणि स्कार्फ सारखा करत म्हणाली, "येतेत परत. माझे बी गेले व्हते. पर इतके नाय."

मग गाल चाचपले. "पार बसले." मग मी तोंड उघडून श्वास घेतला ते तिनं पाहिलं. "दात कुठं गेले गं? माहेरच्यांनी दुधाचा कप बी दाखवला नाय वाटतं." मग तिचा हात हनुवटीवर आला. दोन दिवस मी दाढी केली नव्हती. मला वाटलं, संपलं आता. तर बाई म्हणते कशी, "लव येती बाळंतिणीला. आपोआप गळती."

ह्या बाईकडं सगळ्याचं उत्तर तयार होतं. मी शेपूट काढून दाखवली असती तरी ती म्हणाली असती, पयल्या खेपेला येतीच, हळद लाव.

आणि मग तिनं माझी ओटी भरली. कपाळाला कुंकू, मांडीवर खण, नारळ, वर तांदूळ. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, भरून आलं मला. आयुष्यात इतक्या लग्नाकार्यांत मी टोपी-उपरणं घेतलं, पण असं पोटातून आशीर्वाद दिल्यासारखं कुणी काही दिलं नव्हतं. बाई लागेल असं बोलत होती आणि हात मात्र तुपासारखा होता.

तेवढ्यात तांदळाचे चार दाणे नातीच्या कानात गेले आणि भोंगा झाला.

"भूक लागली तिला," आवडाबाई म्हणाली. "अंगावर दूध येतंय का गं? घे छातीशी."

मी मान हलवली.

"लाजती काय? मी काय परकी हाय?" आणि ती सरसावून स्वेटरच्या गुंड्या काढायला लागली.

एक गुंडी गेली. दुसरी गेली. सत्तर वर्षं जपलेली इज्जत तिसऱ्या गुंडीवर येऊन उभी राहिली. मी नातीला आवळून धरलं आणि बाजेवरून जी उडी मारली, ती थेट मागच्या दारातून पाण्याच्या टाकीपर्यंत. मागं तांदळाची रांग, पुढं नारळ गडगडतोय. शेजारची भागूबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. ती वरून ओरडली, "प्रेरणा, बाळंतिणीनं उन्हात पळू नाय गं!"

आत आवडाबाई मनकर्णाबाईला सांगत होती, "लेक लाजाळू हाय तुमची. पर पळती चांगली. ताकद येईल लवकर." आणि चहा पिऊन ती वैजापूरच्या गाडीला निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, घरात एवढी गंमत झाली म्हणजे लेक पोट धरधरून हसली असेल. नाही. त्या संध्याकाळी तिनं कपाटाचा आरसा ओढणीनं झाकला आणि आम्हाला सांगितलं, "बारशाला मी बाहेर येणार नाय. लेकराला न्या, पाळण्यात घाला, नाव ठेवा. मी आतच बसते." कारण मला विचारू नका. बाळंतिणीच्या मनातली कारणं पुरुषाला कळत नाहीत, तो स्वतः बाळंतीण राहिलेला असला तरी.

आम्ही समजावून पाहिलं. मनकर्णाबाई रडून पाहिली. बारशाचा दिवस उजाडला, दारात मांडव पडला, पाळण्याला झेंडूच्या माळा चढल्या, वैजापूरची मंडळी जीपमधून उतरली, फोटोवाला दिवे लावून बसला. आणि प्रेरणा लेकराला घेऊन आत, कडी लावून. लेकराला बाहेर द्यायलाही तयार नाही. म्हणे, पाजायचंय.

सुदर्शनराव दाराला तोंड लावून हळू बोलत होते. "प्रेरणा, मला बघायचंय तुला. किती दिवस झाले."

"लग्नाचा अल्बम आणलाय ना? त्यात बघा."

मांडवात बायकांची कुजबुज सुरू झाली. पाळणा आहे, पाहुणे आहेत, आई कुठं आहे? बारशाला लेकराची आई दिसली नाही की लोक काय काय जोडतात, तुम्हाला सांगायला नको. सासर-माहेराचं बिनसलं इथपासून सुरू होतं आणि पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला इथं थांबतं. एकदा ते चिकटलं की जन्मभर निघत नाही. आवडाबाई पुढच्याच रांगेत बसलेली. एरवी मांडव डोक्यावर घेणारी बाई, पण त्या दिवशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. चेहरा उतरलेला.

मी मांडववाल्याचा माइक हातात घेतला. आवाज आतल्या खोलीपर्यंत जात होता, ते आधी पाहून घेतलं. आणि आत्ता तुम्हाला सांगितली तीच हकिकत सगळ्यांना सांगितली. तिथं उडी जरा लांब मारली, एवढाच फरक. लोक खुर्च्यांवरून घसरायला लागले. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली ठेवला. 'माझ्याहून थोरली दिसू राहिली' ह्या वाक्याशी मी मुद्दाम थांबलो.

"हे आवडाबाई मला म्हणाल्या," मी म्हणालो. "मला. इथं बसल्यात. विचारा त्यांनाच."

सगळा मांडव तिच्याकडं वळला. तिच्या तोंडावरचा रंग गेला. ती माझ्याकडं बघत राहिली, मग बंद दाराकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं. मला वाटलं, ही आता उठून जीपमध्ये बसते.

ती उठली. पदर सारखा केला.

"व्हय," ती म्हणाली. "ह्या बुढ्यालाच म्हणाले मी. मला वाटलंच व्हतं, बाळंतिणीच्या अंगाला तंबाखूचा वास कसा काय."

असा हशा झाला की पाळणा हलला. माझ्या खरेपणाला आयुष्यात पहिल्यांदाच साक्षीदार मिळाला होता. पण बाई खाली बसेना. हशा ओसरला तशी ती दाराकडं तोंड करून, माइकशिवाय, म्हणाली, "सुनंला कोण म्हणल तसं? जिवाची बाजी लावून तिनं आमच्या घरात लेक आणली. तिच्या तोंडाकडं बघून कुणी काही म्हणालं असंल, तर त्या बाईला अक्कल नव्हती. आता आली."

ह्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. भिकनच्या खालोखाल तिचा नंबर.

कडी वाजली. दार उघडलं. प्रेरणा बाहेर आली ती स्कार्फ सोडूनच. विरळ झालेले केस सरळ विंचरलेले, तोंडाला पावडर नाही, डोळ्यांखालचं काळं होतं तसंच. खांद्यावर लेकरू. हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते लेकराच्या टोपड्याला पुसत होती. सुदर्शनराव बाजूला झाले आणि तिच्याकडं बघतच राहिले. वैजापूरच्या एका बाईनं त्यांना कोपरानं ढोसलं, तरी बघत राहिले.

ती थेट पाळण्यापाशी आली आणि माझ्या हातातला माइक काढून घेतला.

"आत्याबाई, ह्यांच्या नादाला तुमी बी लागल्या?" ती म्हणाली. "खोटं हाय सगळं. बाजेवर मीच व्हते, अन् आत्याबाई मलाच म्हणाल्या. दिसते थोरली, तर दिसते. ही रातभर झोपू देत नाय, मग कशी दिसणार? अन् आमच्या आप्पांचं म्हणाल, तर ते त्या दुपारी घरातच नव्हते. अहो, छातीवर झोपवायचं लांबच राहिलं, त्यांनी नातीला अजून एकदा बी हातात घेतलेलं नाय. पडंल म्हणून भितेत."