डाळिंबी शालीचा प्रसंग

माणूस उघडा येतो आणि उघडाच जातो. मधल्या काळात कपाटाचं दार लागावं म्हणून तो जी धडपड करतो, तिला संसार म्हणतात.

हे सत्य नानांना निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात उमगलं. नाना एका मोठ्या कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळत. त्यांच्या कारकिर्दीत एकही फाईल हरवली नाही (सापडलीही नाही, पण ती तक्रार वेगळ्या विभागाकडे जात असे). आता हा शिस्तीचा ठेवा कुठे लावावा, या विवंचनेत ते बसले असताना बायकोनं कपाट उघडलं. एक स्वेटर तिच्या खांद्यावर पडला, दुसरा पायावर. त्या राशीत उभं राहून ती म्हणाली, "बाहेर जायचं म्हटलं तर मेलं अंगावर घालायला एक धड नाही!"

नानांनी चष्मा पुसला. देवानं काम पाठवलं होतं.

सगळे कपडे पलंगावर काढण्यात आले आणि पाहणी सुरू झाली. निष्कर्ष गंभीर होते. सर्वांत मोठा साठा 'बारीक झाल्यावर' या मुहूर्तासाठी राखीव निघाला. त्याखालोखाल 'कुणीतरी दिलंय, टाकायचं कसं' हा वर्ग. देणारा कोण हे कुणालाच आठवेना, पण त्याचं मन मोडायला कुणी तयार नव्हतं. मग 'घरात घालायला.' या वर्गात बढतीचा जिना खाली उतरतो. कचेरीतला शर्ट बाजारात येतो, बाजारातून घरात, घरातून अंथरुणात, आणि अखेरीस फरशी पुसण्याच्या सेवेत रुजू होतो. त्याला मरण नाही. तळाच्या खणात काही एकटे मोजे सापडले. जोडीदार परत येईल या श्रद्धेवर ते वर्षानुवर्षं पडून होते. (इतकी निष्ठा भल्याभल्या भक्तांत आढळत नाही. नानांनी त्यांना हात लावला नाही.)

उरला शेवटचा वर्ग, 'चांगल्या प्रसंगासाठी.' त्यात एकच जिन्नस होता: डाळिंबी रंगाची लोकरी शाल. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत नानांनीच ती हौसेनं आणली होती. तेव्हा पोटातही नसलेली लेक आता नोकरीला लागली होती, पण शाल दुकानाच्या कागदी वेष्टनातून बाहेर आली नव्हती. नाना वेष्टन सोडायला गेले तर बायको कडाडली, "हात लावू नका! घडी मोडेल."

कपड्यांचा पुरेपूर उपयोग व्हावा म्हणून नानांनी नियम केला. सगळे हँगर दाराकडे तोंड करून उलटे टांगायचे. जो कपडा अंगावर जाऊन येईल, त्याचा हँगर सुलटा करून भिंतीकडे वळवायचा. थंडी संपली की ज्यांचं तोंड अजून दाराकडे असेल, त्यांनी त्याच दारानं घराबाहेर जायचं. अपील नाही.

"आणि माझी शाल?" बायकोनं विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा. वेष्टनासकट टांग हँगरला."

"ती चांगल्या प्रसंगासाठी आहे."

"मग प्रसंगाला घाल."

"प्रसंग आणा आधी! लग्न झाल्यापासून नेलंत कुठे मला?"

लेक हसायला लागली. हा मुद्दा कपाटाच्या कक्षेबाहेरचा असल्याचं सांगून नानांनी सभा संपवली.

नियमाला अभूतपूर्व यश आलं. कपडे वाचवायचे तर घालायला हवेत, हे ओळखून लेक चमचमता झगा घालून कचरा टाकायला गेली.

"अगंबाई, लग्न कुणाचं गं?" शेजारणीनं जिन्यातच अडवलं.

"कचऱ्याचं, काकू. निरोप द्यायला चाललेय."

नाना स्वतः लग्नातला सूट चढवून बटाटे आणायला गेले. बटणं लागली होती, त्यामुळे श्वास घेता येत नव्हता, आणि भाव करणं तर अशक्यच होतं.

भाजीवाला हात जोडून उभा राहिला. "साहेब, तपासणी आहे का? वजनकाटा कालच नीट करून घेतलाय, आईशप्पथ!"

नानांनी गंभीरपणे मान डोलावली. (बोलता येत नव्हतं.) त्या दिवशी एकही बटाटा किडका निघाला नाही. नियमाचे फायदे असे कपाटाबाहेरही पसरत होते.

पुढे वेगळीच अडचण उभी राहिली. समारंभाचे कपडे रोज वापरात आले, तेव्हा रोजचे बिचारे उलटे लटकत राहिले. त्यांच्यावरही अन्याय नको म्हणून ते आतून घालायचं ठरलं. नाना सुटाच्या आत दोन शर्ट घालू लागले, लेक स्वेटरवर स्वेटर. माणशी कपड्यांचा वापर दुपटीवर गेला आणि धुणं चौपट झालं. (धुणं कोण धुतं, याची पाहणी झाली नव्हती.)

शाल मात्र जागची हलली नाही. बायको रोज कपाट उघडी, तिच्याकडे बघे आणि जुना स्वेटर ओढून घेई. "भांडी घासताना घालू का ती?" एवढंच एकदा म्हणाली.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. बाहेर अजून गारठा होता. नानांनी कपाट उघडलं. सगळे हँगर शहाण्यासारखे भिंतीकडे बघत होते. एकटी शाल दाराकडे तोंड करून होती.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एका बोटाचं काम, हँगर वळला असता. नानांचा हात वर गेला आणि परत आला. खोटी नोंद त्यांनी जन्मात केली नव्हती. आणि नियम पाळायचा, तर त्या पहिल्या थंडीतली त्यांची एकुलती एक हौस त्यांच्याच हातानं दाराबाहेर ठेवायची होती. बराच वेळ ते उघड्या कपाटापुढे उभे राहिले, देवळात उभं राहावं तसे.

मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन खाकरले. "अगं, ऐकलंस का. आवर. बाहेर जायचंय."

"आत्ता? कशाला?"

"प्रसंग आहे."

"कुणाकडे?"

नानांनी चष्मा पुसला. "आपल्याकडे."

बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ताप तर नाही ना, असं ते पाहणं होतं. मग गॅस बंद करून तिनं तोंड धुतलं, वेष्टन सोडलं आणि शाल खिडकीसमोर उलगडली.

शालीतून पलीकडची खिडकी दिसली. लोकर खाणारा तो बारीक किडा, कसर, घडीघडीतून आरपार फिरून गेला होता. डाळिंबी रंगाची चाळण झाली होती.

नाना हँगरकडे बघत राहिले.

"बघता काय? परत ठेवू?" बायको म्हणाली. मोठी भोकं आत दुमडून तिनं शाल अंगभर लपेटली. "चला. एवढा आणलाय प्रसंग, वाया नको जायला."

दोघं नदीच्या पुलापर्यंत चालत गेली आणि कठड्याशी उभं राहून कॉफी प्यायली. शालीतून वारा शिरत होता म्हणून नानांनी सुटाचा कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. अनेक दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला. घरी परतल्यावर त्यांनी स्वतः शाल टांगली, भिंतीकडे तोंड करून. नोंद खरी होती.

तर कपड्यांचा पुरेपूर उपयोग कसा करावा, हे त्या घरात एकालाच कळलं होतं, ते त्या किड्याला. त्यानं चांगल्या प्रसंगाची वाट पाहिली नाही. मिळाला तो दिवस गोड मानून घेतला. साधुवृत्ती म्हणतात ती यालाच.

आपण हे सारं 'घरात घालायच्या' कपड्यांत, विरलेलं कोपर टेकून वाचत आहात. खुशाल हसा. आपल्या कपाटात वेष्टनासकट जपून ठेवलेली ती वस्तू कोणती, हे आम्ही विचारणार नाही. ज्यांना कळायला हवं होतं, त्यांना ते कधीच कळलं आहे. वेष्टनाच्या आत पंगत बसली आहे.