पाचवा अंक न झाल्यामुळे

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी आळसंगीच्या नगर वाचनालयाच्या सभागृहात पाच जणांनी वाद्यांशिवाय एका खलनायकाचं पद म्हटलं, आणि पद संपलं तेव्हा मंचावर सहा जण होते.

मी तिसऱ्या रांगेत होतो. एकतीस वर्षं बातमीदारी केल्यावर माणसाला निदान सहापर्यंत मोजता येतं. बातमीत मी सहा लिहिलं. रविवारच्या 'नदीकाठ'मध्ये पाच छापून आलं. उपसंपादकाला फोन केला तर म्हणाला, "सर, पत्रिकेवर पाचच नावं होती." म्हणजे मंचावर कोण उभं होतं हे आता पत्रिका ठरवणार! मी शुद्धिपत्रकाची मागणी लेखी दिली आणि तिथूनच रसिक मंडळाच्या बैठकीला गेलो. दर कार्यक्रमानंतर रविवारी सकाळी दहाला ती वाचनालयाच्या वृत्तपत्र कक्षात भरते.

'बिनसाज' हा आमच्या गावचा पाच जणांचा चमू. तबला नाही, पेटी नाही, सगळं तोंडानं. शाळेत संगीत शिकवणाऱ्या सुनेत्रा आवटी तो चालवतात. सर्वांत खालचा आवाज भूपाल चौगुलेचा. तंबोऱ्यासारखा षड्ज धरून ठेवणं हे त्याचं नेहमीचं काम, पण या वेळी मुख्य पदही त्याच्याकडे होतं. पद 'संगीत वज्रमुद्रा' या नाटकातलं. सत्तर वर्षांपूर्वी गावातल्याच एका कंपनीनं ते बसवलं होतं. त्यात अमात्य दुर्जयसेन झोपलेल्या राजाच्या महालात शिरतो आणि राजमुद्रा उचलताना गातो:

*उघडेच दार होते, मी फक्त आत आलो,*
*निजले तुझे पहारे, मी जागण्यास आलो.*

सहावा माणूस म्हणजे हा दुर्जयसेन. जरीचा अंगरखा, काळी दाढी, कमरेला कट्यार. तो कसा आला याबद्दल मंडळात दुमत नव्हतं. कंपनी नाटक करायची ते पाच अंकी. पाचव्या अंकात अमात्य मरायचा आणि विषय संपायचा. बिनसाजनं फक्त पद उचललं, पाचवा अंक केला नाही. त्यामुळे आलेल्या माणसाला जायला जागाच उरली नाही. शनिवारी तो मंडळाचे अध्यक्ष अण्णा मगदूम यांच्या माडीवर उतरला, कारण बाहेरगावच्या कलावंतांची सोय तिथेच होते.

बैठकीत चर्चा झाली ती सादरीकरणाची.

"काळ्या शाली घेऊन गोल फिरायची काय गरज होती?" प्रमिलाकाकू गाडव्यांनी सुरुवात केली. "गाणं म्हणायचं तर उभं राहून म्हणा. नाटक करायचं तर नाटक करा."

"काकू, नाट्यपद आहे ते. भजन न्हवं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला सांगतोस? मी ते कंपनीच्या तोंडून ऐकलंय. तू पाळण्यात पण नव्हतास."

"पण तबला नव्हता म्हणून शब्द कळले, हे तर मान्य करा," वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणाले. "इतकी वर्षं मी ते पद ऐकतोय. तबल्याच्या नादात माझं लक्षच गेलं नव्हतं की त्याचं म्हणणं बरोबर आहे. दार उघडंच होतं."

मलाही वाटून गेलं की या गावात उघड्या राहिलेल्या दारांच्या किती बातम्या मी दिल्या आणि त्या वाचून किती जण पुन्हा आडवे झाले. दुर्जयसेन पहिल्या रांगेत बशीतून चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली आणि फक्त मान तुकवली.

मग अण्णांनी त्याला पद म्हणायची विनंती केली. त्यानं म्हटलं. खोटं लिहायची मला सवय नाही, म्हणून लिहितो. तो भूपालपेक्षा चांगला गायला.

अण्णा उभे राहिले. "मंडळी, पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धा आहे. नियम पाच जणांचा. अर्जात नावं सोमवारपर्यंत... न्हाई, पुढच्या सोमवारपर्यंत कळवायची हायेत. खालच्या आवाजाला दोन माणसं झाली. एकाला थांबावं लागंल."

"भूपाललाच थांबू दे की. त्याची ड्युटी पण असती," एक जण म्हणाला.

भूपाल मागच्या बाकावर पाण्याची बाटली मांडीत धरून बसला होता. त्याला मत नव्हतं, कारण मंडळ रसिकांचं आहे आणि तो गायक. हात वर झाले. अडतीसपैकी एकतीस.

मी उठलो. म्हणालो, "एका माणसाची जागा काढून घेताय, त्याला निदान विचाराल तरी?"

"पत्रकारांना मत नाही," अण्णा म्हणाले.

"प्रश्न विचारायला मत लागत नाही!" मी म्हणालो, आणि दुर्जयसेनाकडे वळलो. "तुम्ही ही जागा मागितलीत का?"

"आम्ही आयुष्यात काही मागितले नाही," तो शांतपणे म्हणाला. "मागावे लागलेच नाही."

मग सुनेत्राबाई उठल्या. त्यांनी एवढंच म्हटलं, की पद अर्धवट उचलणं ही त्यांची चूक आहे आणि येत्या शनिवारी त्या पाचवा अंक करतील. पाहुण्याला त्याचा शेवट मिळायला हवा. त्यानंतरही तो मंचावर उरला, तर अर्जात त्याचं नाव जाईल. मंडळानं हे एकमतानं मान्य केलं. त्यांना खात्री होती की तो उरेल.

भूपालची ड्युटी दोनला होती. मी त्याच्याबरोबर एसटी स्टँडवर गेलो. तो तिथे माईकवरून गाड्यांच्या घोषणा करतो. चौकशीच्या खिडकीमागे त्याची दीड माणसाची खोली आहे.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"अकरा वर्षं बोलतोय ओ साहेब मी यात," त्यानं माईकवर टिचकी मारली. "फलाट नंबर सांगतो, आणि लगेच माणूस खिडकीवर येऊन विचारतो, गाडी कुठं लागली? कुणी ऐकत न्हाई. झोपलेली असत्यात निम्मी. काल पहिल्यांदाच दोनशे माणसं माझा आवाज ऐकत गप बसली हुती." त्यानं बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "तेवढंच हुतं माझं."

बाहेर बाकांवर लोक पिशव्या उशाला घेऊन झोपले होते. त्यानं जतच्या गाडीची घोषणा केली. एकही डोळा उघडला नाही.

सोमवारी मी अण्णांच्या माडीवर दुर्जयसेनाची मुलाखत घेतली. मरायला तयार आहात का, असं सरळ विचारलं.

"सत्तर वर्षांपूर्वी आम्ही आठवड्यातून तीनदा मरत असू," तो म्हणाला. "मरणाला आमची ना नाही. पण मारायला कुणीतरी जागे हवे. बहुधा तिथेच अडते."

पाचवा अंक असा आहे. दाराशी पहारेकरी झोपलेला असतो. नाटकभर तो झोपलेलाच असतो. अमात्य तेच पद पुन्हा गात सिंहासनाकडे जातो. शेवटच्या ओळीवर पहारेकरी उठतो, म्हणतो, "मी जागा आहे," आणि भाला मारतो. त्याच्या वाट्याला तेवढं एकच वाक्य. अमात्य पडतो. पण पडल्यावर प्रेक्षकांतून वन्स मोअर आला, तर मेलेल्या माणसानं उठून पद पुन्हा म्हणायचं, हा आमच्याकडचा रिवाज. प्रमिलाकाकूंना आठवतं, एकदा अमात्य चार वेळा उठला होता. चौथ्यांदा पहारेकऱ्याला खरंच झोप लागली आणि त्या प्रयोगात अमात्यच गादीवर बसला. लोक टाळ्या वाजवून घरी गेले.

पहारेकऱ्याचं काम भूपालकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं.

आता सगळं प्रमिलाकाकूंवर होतं. आळसंगीत पहिला वन्स मोअर त्यांचा. त्यांच्या आधी कुणी ओरडत नाही, त्या ओरडल्या की कुणी थांबत नाही. चाळीस वर्षं हे असंच चालू आहे. मी बुधवारी त्यांच्या घरी गेलो. त्या शेंगा सोलत होत्या.

"काकू, शनिवारी गप्प बसा," मी म्हणालो. "एका माणसाचा प्रश्न आहे."

"हे तुम्हाला भूपालनं सांगायला लावलं?"

"नाही. तो कुणाला काही सांगत नाही. तेच तर चुकतं त्याचं."

"अहो, तुम्ही इतके शिकलेले, पेपरात लिहिता," त्या म्हणाल्या. "मी काय मतदान करते का तिथे? गाणं झालं की तोंडातून निघतं. चांगलं झालेलं असून गप्प बसले, तर मग वाईट झाल्यावर माझ्या गप्प बसण्याला किंमत काय?"

मला राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्त आला. त्यांनी मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि मी त्या खात परत आलो.

शनिवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. बिनसाजच्या चौघांनी मागे सूर धरला. पाचवा दाराशी भाला घेऊन झोपला. खालचा षड्ज नव्हता, कारण तो धरणारा झोपला होता, आणि ते पहिल्या ओळीपासून जाणवत राहिलं. जमीन नसलेल्या घरासारखं. दुर्जयसेन गाऊ लागला. मी आयुष्यात इतकं चांगलं ऐकलेलं नाही. माझ्या शेजारचे ग्रंथपाल मान डोलावत होते. *निजले तुझे पहारे* या ओळीला निम्मं सभागृह डोळे मिटून बसलं होतं.

त्याचा पाय सिंहासनाच्या पायरीवर पडला आणि भूपाल उठला.

"मी जागा आहे," तो म्हणाला.

त्यानं ते नाटकात बोलतात तसं म्हटलं नाही. स्टँडवर बोलतो तसं म्हटलं. सपाट, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत जाणारं. सभागृहातल्या प्रत्येकानं तो आवाज अकरा वर्षं ऐकला होता आणि कुणाचा आहे याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. मी पाहिलं, लोकांनी दचकून आपापल्या पिशव्या चाचपल्या.

भाला लागला. अमात्य पडला. दोनशे माना प्रमिलाकाकूंकडे वळल्या.

काकू खुर्चीचा हात धरून उठल्या. "वन्स मोअर!"

भूपालनं भाला खाली टेकवला. दुर्जयसेन कोपरावर उठला, अंगरखा झटकला आणि पहिल्या ओळीचा श्वास घेतला.

"तुम्हाला नव्हे हो," काकू म्हणाल्या. "तुमचं झालं छान. त्याला. त्या पहारेकऱ्याला."

अण्णा मगदूम जागेवरून ओरडले, "ओ काकू, गद्याला वन्स मोअर नसतोय!"

"आजपासून असतो."

"चार शब्दांच्या वाक्याला?"

"तीन आहेत अण्णा, मोजा. आणि बसा खाली."

अण्णांनी बोटांवर मोजले आणि दुर्जयसेनाकडे पाहिलं. रिवाजातला तिथे सर्वांत जुना जाणकार तोच होता. त्यानं थोडा विचार केला. "प्रेक्षक मागतील ते द्यावे लागते," तो म्हणाला. "वाक्य त्यांचे मागितले आहे. आमचे पद मागितलेले नाही." तो उठून सिंहासनाच्या पायरीपाशी एक पाय वर ठेवून उभा राहिला. गायला नाही.

भूपाल दाराशी जाऊन आडवा झाला. उठला. "मी जागा आहे," त्यानं सांगितलं आणि भाला मारला.

दुसरा वन्स मोअर सगळ्या सभागृहानं दिला. ग्रंथपाल खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. दुर्जयसेन पुन्हा उठला, पायरीवर पाय ठेवला आणि या वेळी भूपालकडे वळून, आम्हाला ऐकू यावं इतक्या आवाजात म्हणाला, "जरा आधी उठला असतात तर चार अंक वाचले असते." भूपाल म्हणाला, "कुणी उठवलंच न्हाई ओ." मग त्यानं वाक्य म्हटलं.

तिसऱ्यांदा भाला लागला तेव्हा मंचावर पाच जण होते. मी दोनदा मोजले. सुनेत्राबाईंनी खूण केली, भूपालनं भाला भिंतीला टेकवून षड्ज धरला, आणि बाकीच्या चौघांच्या सुरांना खाली जागा मिळाली.

स्पर्धेच्या अर्जात पाच नावं गेली. मंडळाच्या इतिवृत्तात 'गद्यास वन्स मोअर, सौ. गाडवे यांच्याकडून' अशी नोंद झाली. अण्णांनी सही केली, पण शेजारी 'नाइलाजाने' लिहिलं.

सोमवारी मी कामानिमित्त स्टँडवर होतो. भूपालनं घोषणा केली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जतला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे." गाडी सुटली, फाटकाबाहेर गेली. बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपलेला एक माणूस उठून बसला, काही क्षण ऐकत राहिल्यासारखा थांबला आणि म्हणाला, "वन्स मोअर."

भूपालनं घोषणा पुन्हा केली. गाडी फाटकातून मागे आली, चार नंबरला लागली आणि पुन्हा सुटली. या वेळी तो माणूस तीत होता. वाहतूक नियंत्रकांनी दोन्ही फेऱ्यांची नोंद घेतली. दोन्ही वेळेवर होत्या.

बातमीत मी दोन गाड्या लिहिल्या. छापून एक आली. शुद्धिपत्रकाची मागणी मी लेखी दिली आहे.