झिंगरूजींचा उलटा तलाव

हातात छत्री असूनही नखशिखांत भिजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. केशोरीचे झिंगरूजी. त्यांच्या घरात छत्री एकच होती, मुलीच्या लग्नात व्याह्यांनी दिलेली, पितळी मुठीची. पाऊस आला की झिंगरूजी ती घेऊन अंगणात धावत आणि एका काटेरी झाडावर धरून उभे राहत. सर थांबेपर्यंत हलत नसत. स्वतःच्या डोक्यावर पळसाच्या पानांचं गळकं इरलं.

शाळामास्तर म्हणून मी वर्ध्याहून या गावात नवा आलो होतो. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. मास्तराने लोकांना शहाणं करावं असा माझा समज होता.

"छत्री बांबूला बांधून ठेवली तर?" मी म्हणालो.

"वारा दिशा बदलवते ना गुरुजी," झिंगरूजी म्हणाले. "बांबूले कुठं समजते ते?"

त्यानंतर मी त्यांना शहाणं करायचा नाद सोडला.

झाड होतं मारवाडातल्या वाळवंटातला थोर. बोटांसारख्या उभ्या हिरव्या काठ्या आणि काट्यांच्या जोड्या. आमच्या भागात असलं काटेरी कुणी अंगणात लावत नाही. जनावरं अडवायला बांधावर लावतात आणि तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. "कुंपनाची वस्तू देव्हाऱ्यात काऊन बसवली गा?" असं गावकरी झिंगरूजींना तोंडावर विचारत.

खरी गंमत पुढे आहे. झिंगरूजी जातीचे कोहळी. त्यांच्या आजा-पणजांनी या मुलखात तलाव बांधले. पाणी अडवायचं, साठवायचं आणि धानाच्या एकेका बांधीला, म्हणजे खाचराला, मापाने पाजायचं, हेच या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. तलावातून पाणी सोडायच्या दाराला तिथे तुडूम म्हणतात. केशोरीच्या तलावाचं तुडूम कधी उघडायचं आणि कुणाची पाळी कधी, हे झिंगरूजी ठरवत. खुणा केलेली बांबूची काठी सदैव त्यांच्या हाती असे आणि तोंडी एकच शब्द, "मापानं!" चहात साखर पडली की मापानं. भजनात टाळ जोरात वाजला की मापानं. ते माझ्या वर्गावरून जात असताना मी पोरांवर ओरडत असलो तर खिडकीतून काठी आत येई, "मापानं, गुरुजी!"

असा हा पाण्याचा माणूस एका झाडापासून पाणी दूर ठेवण्यासाठी जिवाचं रान करत होता. आमची माती धानाची, चिकट. एकदा ओली झाली की महिना महिना वाळत नाही. म्हणून त्यांनी अंगणात हातभर उंच ओटा रचला, विटांचे तुकडे आणि नदीची चाळलेली वाळू भरली, त्यात झाड लावलं आणि चहूबाजूंनी उतार देऊन चर खणले. घराण्याची सगळी विद्या त्यांनी उलटी वापरली होती. लोक त्याला झिंगरूजींचा उलटा तलाव म्हणत. त्यांच्या पत्नी भागरथाकाकी अंगणात सडा टाकू लागल्या की हे बांबूची काठी आडवी धरत. "इथवरच!"

"सडा कमी पडला तं लक्ष्मी कोपन ना," काकी म्हणत.

"कोपू दे. तिले मी समजावीन."

एका वर्षी धान घरात आलं आणि झिंगरूजींना हिवतापाने धरलं. लेक अर्जुनीला दिली होती, तिथे दवाखाना होता. जावई बैलगाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. गाडीत बसतानाही ते तापात बडबडत होते, "झाडाकडे पाहजा."

गावाने झाडाकडे पाहिलं, इथेच घात झाला.

पाऊस संपला की या थोराची होती नव्हती ती पानं गळतात, ही त्याची रीतच. पण त्याआधी ते झाड निरखून कुणी पाहिलं होतं? चार दिवसांत झाड बोडकं झालं आणि आमचं काळीज हललं. केशोरीत दया म्हणजे पाणी. पाहुणा आला, पाणी. बैल दमला, पाणी. कुणी रडू लागलं, तरी आधी पाणी. शेजारची सखूबाई सकाळी हळूच एक लोटा ओतून गेली. गुरव देवळातून परतताना तांब्या रिकामा करून गेला. डाकवाल्याने आपली वाटेतली बाटली ओतली. मी शाळेच्या माठात उरलेलं पाणी संध्याकाळी नेऊन ओतत असे आणि आपण एकटेच किती कनवाळू, असं वाटून छाती फुगवून घरी येत असे. पाणी ओतलं नाही असं घर वेशीपर्यंत शोधून सापडलं नसतं. पण कुणी कुणाला सांगितलं नाही. झिंगरूजींची पाणीबंदी मोडत होतो ना!

बारा दिवसांनी ते परतले. अर्धे झाले होते. गाडीतून उतरले ते थेट ओट्याकडे. झाडाच्या बुंध्यावर बोट ठेवलं. बोट आत गेलं.

सगळी आळी जमली. "मी एकच लोटा टाकला बाप्पा," सखूबाई रडवेली होऊन म्हणाली. मग गुरव म्हणाला, एकच. डाकवाला म्हणाला, एकच. मीही खाली मान घालून कबूल झालो. शेवटी भागरथाकाकी दारातून म्हणाल्या, "मी दोन टाकले."

आता काठी पाठीत बसणार म्हणून आम्ही उभे होतो. झिंगरूजी मातीतच बसले. मग म्हणाले, "मरते म्हून सगळ्यायनं पानी पाजलं. अन्‌ मी पोटच्या पोराले नाई मनलं."

लोक एकेक करून निघून गेले. मला दोन वर्षं कुणी न सांगितलेली गोष्ट त्या दिवशी काकींनी सांगितली. त्यांच्या घराण्याची एक रीत होती. ज्याच्या हाती तुडूम, त्याच्या शेताला पाणी सर्वांच्या शेवटी. एका दुष्काळी साली आपलं धान डोळ्यांदेखत करपताना पाहून मुलाने, मारोतीने, पाळीच्या एक दिवस आधी तुडूम उघडलं. झिंगरूजींनी साऱ्या गावासमोर त्याला सुनावलं, "माह्या जितेपनी या तलावाचा थेंब तुले नाई!" आठवड्याच्या आत पोरगा गेला, तो थेट मारवाडात रेल्वेच्या कामावर. बहिणीच्या लग्नाला एकदाच आला. जाताना गोणपाटात गुंडाळलेलं हे झाड ओसरीवर ठेवून म्हणाला, "याले पानी लागत नाई, बाबा. हे तुमाले मांगनार नाई."

झिंगरूजींनी झाडाचा सडका भाग कापून टाकला. चांगले शेंडे पंधरा दिवस सावलीत सुकवले आणि कोरड्या वाळूत रोवले. महिन्या-दीड महिन्याने त्यांनी मला बोलावलं. गावातली पत्रं मीच लिहीत असे. मी कार्ड काढून ओसरीवर बसलो.

"लिवा. चिरंजीव मारोतीस. तुह्यं झाड सडून राहिलं. मले यातलं काही समजत नाई. येऊन पाहून जाय."

मी ओट्याकडे पाहिलं. वाळूतला एक शेंडा चांगला तरारला होता आणि टोकाला तांदळाएवढा हिरवा कोंब फुटला होता. ज्या माणसाने पाण्याच्या बोटभर मापातही कधी खोटं सांगितलं नव्हतं, तो ओसरीवर बसून धडधडीत खोटं लिहवून घेत होता. दारात काकी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी लिहिलं.

"अजून?"

झिंगरूजींनी काठी मांडीवर आडवी घेतली. तिच्यावरच्या खुणांवरून अंगठा फिरवत राहिले. "लिवा, तलावात पानी हाये."

दोन वर्षं त्यांच्याकडून शिकलो होतो, तेव्हा मी विचारलं, "किती हात लिहू?"

त्यांनी काठी उचलली आणि दूर भिंतीला टेकवून ठेवली.

"माप नका लिवू, गुरुजी," ते म्हणाले. "नुसतं लिवा, हाये."