सासरे सव्वीसवर

मी कोल्ड स्टोरेजमध्ये क्लार्क आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, ह्या माणसाचा तापमानाशी जन्मात संबंध आला नसावा. सांगलीजवळच्या आमच्या स्टोरेजमध्ये हजारो पेट्या बेदाणा चार डिग्रीला झोपलेला असतो आणि दिवसातून चार वेळा तो आकडा रजिस्टरमध्ये लिहिणं हे माझं काम. अकरा वर्षांत एकही बेदाणा माझ्यामुळे आजारी पडलेला नाही. (मीटर बघतो नाथाजी. मी नुसतं लिहितो. पण सही माझी असते.)

त्यामुळे मिरजेचे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "पेशंटला आठवडाभर ऊन नको, प्रवास नको, खोली सव्वीस डिग्रीला ठेवा," तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "ते माझ्यावर सोडा."

पेशंट म्हणजे माझे सासरे, सुभेदार मानसिंग धायगुडे, रिटायर्ड, खंडाळा तालुक्यातले. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी माझं नाव कृष्णात आहे हे त्यांना माहीत आहे की नाही, याची मला शंका आहे. फौजेतल्या नोकरीत त्यांनी एक हिवाळा सियाचीनला काढला होता. तेव्हापासून महाराष्ट्रातली थंडी ही थंडीच नव्हे, असं त्यांचं मत झालं. आता हृदयात दोन नव्या स्प्रिंगा बसवून ते बेडवर उठून बसले होते आणि थेट गावी जायचं म्हणत होते. लेकीच्या घरी बापानं मुक्काम करायचा नसतो, हा त्यांचा नियम.

राजेश्वरी, म्हणजे माझी बायको, रडली. मग तह झाला.

"एक दिवस ऱ्हातो," मामा म्हणाले. "न्हाई जमलं, तर मंगळवारी सकाळच्या येष्टीनं खंडाळा."

एप्रिल महिना, बाहेर एक्केचाळीस डिग्री, येष्टीचा प्रवास आणि त्या दोन स्प्रिंगा. राजेश्वरीनं मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं.

"अहो, शनिवारच्या तपासणीपर्यंत आबा सांगलीतून हलता कामा नयेत. त्यांना काही झालं ना, तर मी तुम्हाला..."

ती शाळेत व्याकरण शिकवते. तिनं वाक्य अर्धं सोडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

एसी घ्यायचा, एवढं तर ठरलंच होतं. दुकानातून बसवायला येणारे अफताबभाई भले माणूस. ते म्हणाले, "साहेब, साधा रिमोट बास हाय. वर बाण, खाली बाण. आमची अम्मी सत्तर वर्सांची, तिलापण जमतंय." पण मी पडलो कोल्ड स्टोरेजचा माणूस. मला काचेच्या कपाटातला तो गोल, चमकणारा स्मार्ट थर्मोस्टॅट दिसला होता. भिंतीवर बसतो, मराठी बोलतो, मराठी ऐकतो आणि घरातलं तापमान ऑफिसात मोबाईलवर दाखवतो. मामांना चष्म्याशिवाय रिमोटवरचे आकडे दिसत नाहीत, हे कारण मी बायकोला दिलं. (खरं कारण, ऑफिसात मोबाईल काढून दाखवायचा होता.)

रविवारी अफताबभाईंनी तो मामांच्या खोलीत बसवला. चालू झाल्याबरोबर त्यातून एक बाई अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाली, "नमस्कार. कृपया घरप्रमुखाचे नाव सांगा."

"ह्या भितीत बाई हाय व्हय?" मामा दचकून म्हणाले.

इथं मला मुत्सद्दीपणा सुचला. मामांना घरात मान वाटला, तर ते राहतील! मी म्हणालो, "मामा, तुम्हीच घरप्रमुख. सांगा नाव." मामांनी खाकरून नाव, हुद्दा आणि पलटणीचा नंबर सांगितला. बाईनं सगळं नोंदवून घेतलं. अफताबभाई हळूच म्हणाले, "साहेब, प्रमुखानं हुकूम दिला की बाकीच्यांचं मोबाईल काय चालत न्हाई बघा." मी हसून हात झटकला.

"मामा, नुसतं तोंडानं सांगायचं. वाढव म्हणा, नाहीतर कमी कर म्हणा."

"आन् ऐकंल?"

"हुकूम पाळायलाच बनवलंय ते. आणि आणखी एक. एसी चालू असताना दार उघडायचं नाही. कुणीही येऊ दे."

"कुनी बी?"

"कुणीही."

"समजलं," मामा म्हणाले. रिमोट मी कपाटात कुलपात ठेवला आणि किल्ली खिशात. घरात दोन सत्ताकेंद्रं नकोत, असा विचार केला.

सोमवारी सकाळी राजेश्वरी परीक्षेच्या सुपरव्हिजनला गेली, मी स्टोरेजला. साडेअकराला मोबाईलवर सव्वीस. मी तो आकडा नाथाजीला दाखवला, मॅनेजरांना दाखवला, बेदाणा उतरवायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरलाही दाखवला. तेवढ्यात मोबाईल टुणकन वाजला.

"घरप्रमुखांनी तापमान चोवीस केले आहे."

मला बरं वाटलं. मामा रमले म्हणायचे. पाच मिनिटांत बावीस. मग वीस. आता मला बरं वाटेना. माणसाला एवढं उकडतंय म्हणजे ताप तर नाही? घाम तर सुटला नाही? मी मोबाईलवर सव्वीस दाबलं. उत्तर आलं, "क्षमस्व. आपल्याला ही परवानगी नाही. कृपया घरप्रमुखांशी संपर्क साधा."

घरप्रमुखांना फोन केला. रिंग वाजत राहिली. राजेश्वरीचा फोन परीक्षेमुळे बंद. टुण्‌! अठरा.

"कृष्णातराव, तुमच्या सासऱ्यांचा बेदाणा कराय लागलायसा काय?" नाथाजी म्हणाला. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला होता. पंखा कमी कर म्हटलं की वारा कमी होतो. गॅस कमी कर म्हटलं की आच कमी होते. मामांना थंडी वाजत होती आणि साध्या सरळ माणसासारखे ते एसी कमी कर म्हणत होते. ती भिंतीतली बाई मात्र आकडा कमी करत होती. ते कुडकुडून पुन्हा कमी कर म्हणणार आणि ती पुन्हा कमी करणार.

मी स्कूटर कशी काढली, मला आठवत नाही. हेल्मेटऐवजी जेवणाचा डबा घेऊन निघालो होतो, हे अर्ध्या वाटेत कळलं. मला खरंच भीती वाटत होती. मामांची छाती, ती थंडी, आणि राजेश्वरीचं ते अर्धं राहिलेलं वाक्य. सिग्नलला मोबाईल बघितला. सोळा. त्याच्या खाली ते यंत्र जात नाही, एवढाच काय तो आधार.

घराचं दार आतून कडी लावलेलं. मी बडवलं. मग मागे धावलो, मामांच्या खिडकीखाली पाण्याचं पिंप पालथं घातलं आणि वर चढलो. काचेआड मामा पलंगावर ताठ बसले होते. अंगावर फौजी घोंगडी, त्यावर आमची सतरंजी आणि डोक्याला राजेश्वरीचा टॉवेल.

"मामा, दार उघडा!"

"कोन हाय?"

"मी! कृष्णात!"

"कोन कृष्णात?"

"पाव्हणं! पाव्हणं हाय मी!" मी ओरडलो.

"मग उघडता येत न्हाई. कुनी बी आलं तरी उघडायचं न्हाई, आसा हुकूम हाय तुमचाच."

"हुकूम मी दिला, मीच मोडतोय!"

"आसं हुकूम मोडाय लागलो आस्तो, तर शेचाळीस माणसं घिऊन शाचिनवरनं खाली उतरलो नस्तो," मामा म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "मला काय थंडी वाजत न्हाई. शाचिनला हेच्या धापट व्हती."

"मामा, त्या बाईला 'वाढव' म्हणा!"

मामांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

"आदीच बरफ पडायचा ऱ्हायलाय. आन् वाढव म्हनू?"

"वाढव म्हटलं की थंडी कमी होते!"

"आन् मगाधरनं कमी म्हनतोय ते?"

"कमी म्हटलं की वाढते!"

मामांनी डोक्याचा टॉवेल घट्ट केला. मग फार मायेनं म्हणाले, "पाव्हणं, ऊन लागलंय तुमाला. सावलीत बसा जावा." आणि भिंतीकडे वळून परेडच्या आवाजात गरजले, "आगं ये बाई! कमी कर म्हनतोय न्हवं!"

"क्षमस्व, सुभेदार मानसिंग धायगुडे. यापेक्षा कमी करता येणार नाही."

"बगा! हिचं बी हात टेकलं."

"मामा, पाया पडतो, वाढव म्हणा. वाढव! वाढव!"

"पाव्हणं, खरं सांगा," मामांचा आवाज एकदम बसला. "मी हितं ऱ्हाऊ ने, आसं वाटतंय का तुमाला? सरळ सांगा. ह्यो असला गारठा कशाला?"

हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी काय करायला गेलो होतो आणि हा माणूस काय समजून बसला होता! नेमक्या त्याच वेळी मागून आवाज आला.

"अहो! काय चाललंय हे?"

राजेश्वरी. पेपर लवकर सुटला होता. तिनं काय पाहिलं ते लक्षात घ्या. बाप आत घोंगडीत कुडकुडतोय आणि नवरा पिंपावर उभा राहून खिडकीतून 'वाढव, वाढव' म्हणून ओरडतोय.

मी सगळं सांगितलं. कमी म्हणजे जास्त, जास्त म्हणजे कमी, प्रमुखाची परवानगी, कपाटाची किल्ली. तिनं मला बाजूला सारलं, काचेला तोंड लावलं आणि म्हणाली, "आबा, तिला नुसतं सव्वीस म्हणा."

"सव्वीस!" मामा म्हणाले.

"तापमान सव्वीस केले आहे," बाई म्हणाली.

एवढंच होतं. अकरा वर्षं रोज चार वेळा आकडा लिहिणाऱ्या माणसाला आकडा सुचला नाही.

दार उघडल्यावर राजेश्वरीनं मामांना चहा दिला, तळपाय चोळले, नाडी बघितली, डॉक्टरांना फोन करून विचारलं. मामा ठणठणीत होते. मी कोपऱ्यात उभा होतो आणि मंगळवारच्या येष्टीचा विचार करत होतो. मामांनी कप खाली ठेवला.

"मशीन लय शिस्तीचं हाय," ते म्हणाले. "सांगितलं तेवडंच करतंय. चूक तिची न्हाई." चूक मग कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. "हितं माज्या शब्दाला कुनीतरी हाय. ऱ्हातो म्यां."

राजेश्वरी हुंदका देऊन हसली. मला तर त्या भिंतीतल्या बाईला नमस्कार करावासा वाटला.

त्याच संध्याकाळी, पुन्हा असं होऊ नये म्हणून, राजेश्वरीनं घरातल्या सगळ्यांना परवानगी द्यायचं ठरवलं. बाईनं मामांना विचारलं, "नवीन सदस्यांचे आपल्याशी नाते काय?"

"ही राजेश्वरी. लेक माजी."

"लेक नोंदवली."

"आन् हे पाव्हणं."

"पाहुणे नोंदवले."

मीही हसलो तेव्हा. शनिवारी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल गावी जा. मामा म्हणाले, एवढी काय घाई? आणि त्यांनी खंडाळ्याहून आणखी चार धोतरं मागवली.

काल सोमवारी दुपारी ऑफिसात मोबाईल वाजला. "नमस्कार, पाव्हणं. आपल्या मुक्कामाची सात दिवसांची मुदत संपली आहे. या घराचे तापमान आपल्याला यापुढे दिसणार नाही. आमच्याकडे आल्याबद्दल आभार."

मी ताबडतोब घरी फोन लावला. मामांनी उचलला. मी म्हणालो, "मामा, मला घरातनं काढलंय."

"आसूं द्या वो, मनाला लावून घिऊ नका," मामा समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमी कवा बी या. फकस्त यायच्या आदी एक फोन करत जावा."