मागची गाडी

अख्ख्या बंगळुरात वळणावर थांबणारा माणूस मी एकच पाहिला. सिग्नल हिरवा असतो, पुढचा रस्ता चक्क मोकळा असतो, आणि आमचे अण्णा वळण घेऊन जीप डाव्या कडेला उभी करतात. आरशात बघत बसतात. मागची गाडी वळताना दिसली की मगच पुढे निघतात. ही मागची गाडी कोणाची? कोणाचीही. ऑफिसची कॅब असेल, पाण्याचा टँकर असेल. आपल्यासाठी कोणी थांबलंय याची त्या टँकरवाल्याला काही कल्पना नसते. तो कन्नडमध्ये एक शिवी हासडून पुढे जातो, आणि अण्णा समाधानाने गिअर टाकत म्हणतात, "आला. चला."

प्रभाकर खानापुरे हे त्यांचं नाव. मूळचे निपाणीकडचे. उभा जन्म इथल्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांची देखभाल करण्यात गेला आणि निवृत्तीनंतर व्हाइटफील्डच्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मी नोकरीसाठी पुणं सोडून इथे आलो, तेव्हा मजल्यावर मराठी बोलणारं हे एकच दार होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पुणेकर काय रे? मग तुला थांबायची सवय नसणार." तेव्हापासून मी त्यांच्या लेखी पुणेकर. नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही.

थांबण्याचं हे वेड त्यांना जीपच्या नादातून लागलेलं. रस्ता सोडून माळावर, दगडधोंड्यांतून गाड्या घेऊन जाणारी माणसं असतात. अशा गाड्या एकामागोमाग एक जातात आणि त्यांचा एक नियम असतो: प्रत्येकाने आपल्या मागच्याची काळजी घ्यायची. फाटा आला की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत हलायचं नाही. बाकीचे लोक हा नियम माळावर पाळतात, तोही आठवला तर. अण्णा तो लिफ्टमध्येसुद्धा पाळतात. लिफ्टचं दार धरून उभे राहतात, कॉरिडॉर रिकामा असला तरी. आपण घाईत असलो की म्हणतात, "थांब की स्वल्प. येत असंल कोण तरी."

याच्यामागे सुमनवहिनींची गोष्ट आहे. अण्णा ती कोणालाही, न विचारता सांगतात. त्या काळी दोघांच्या दोन जीपा होत्या. पुढे अण्णा, मागे वहिनी. एका फाट्यावर अण्णा न थांबता गेले, वहिनी चुकल्या, आणि अण्णा शोधत परत आले तर बाईसाहेब झाडाखाली बसून दोघांचा डबा एकट्याने खाऊन मोकळ्या झालेल्या. "माझी पण पोळी खाल्ली रे तिनं! वर लोणचं बी!" असं म्हणून अण्णा मांडीवर थाप मारून हसतात. वहिनी जाऊन काही वर्षं झाली. त्यांची जीप खाली पार्किंगमध्ये कापड घालून उभी आहे. सोसायटीने ती हलवण्याबद्दल दोनदा नोटीस काढली आणि दोन्ही वेळा अण्णांनी त्या नोटिशीने जीपची काच पुसली.

ज्या माळावर हे सगळं घडलं तो के. आर. पुरमच्या पलीकडे तासाभरावर आहे. आपण ज्याला गायरान म्हणतो, त्याला इकडे गोमाळ म्हणतात. जमीन सरकारची, चराई गावाची, आणि रविवारी सकाळी धुरळा आमच्या क्लबचा. क्लब म्हणजे व्हाइटफील्ड आणि एचएसआर लेआउटमधली कंपन्यांतली मंडळी. त्यांच्या गाड्यांच्या छपरावर असले दिवे असतात की त्यांच्या उजेडात एखादं लग्न लागावं. बहुतेकांचे दिवे पार्किंगच्या भिंती सोडून कशावर पडलेले नाहीत.

या मंडळींना अण्णांनी नियम घालून दिले होते. पाऊस झाला की माती वाळेपर्यंत माळ बंद. एकच वाट धरायची, शेजारून नवी पाडायची नाही. आणि दर खेपेला गाडीमागे थोडी वर्गणी काढायची. तिच्यातून वाटेवर मुरूम टाकायचा, पावसाचं पाणी वाटेवरून बाजूला काढायला आडवे दगड लावायचे, कामाला गावातलीच माणसं घ्यायची. पहिले दोन नियम लोकांनी ऐकून सोडून दिले. तिसरा मात्र सगळ्यांच्या जिव्हारी लागला.

"अण्णा, पब्लिक लँड आहे ना ही?" क्लबचा ॲडमिन रोहित म्हणाला. हा मुंबईचा, राहायला एचएसआरला, स्वतःची स्टार्टअप चालवतो. "वी पे टॅक्सेस. मग परत काँट्रिब्यूशन कशाला?"

"टॅक्स भरतोस ते बरं करतोस. पण चाक तुझं आहे की रे. खड्डा सरकारनं पाडला काय?"

रोहित हसला. सगळे हसले. अण्णांवर हसायची पद्धतच पडून गेली होती. मीही हसलो असेन, पण मला गाडी नसल्यामुळे माझं हसणं कोणी मोजत नव्हतं. मी अण्णांच्या शेजारी डबा मांडीवर घेऊन बसणारा माणूस.

आणि मग मंडळींनी भर पावसाळ्यात त्या माळावर चिखलाचा उत्सव केला. कुठल्याशा पेयाच्या कंपनीने पैसे दिले, तंबू आले, कानठळ्या बसवणारं संगीत आलं, वरून ड्रोन फिरला. अण्णा वाटेत आडवे उभे राहिले, तर एकाने त्यांच्याबरोबर सेल्फी काढून घेतला. दुपारपर्यंत गाड्यांनी माळाची खीर केली. तळ्याकडे पाणी नेणाऱ्या पाटाचा मातीचा बांध चाकांखाली गेला आणि पावसाचं पाणी तळं सोडून भलतीकडेच वाहून गेलं. त्या तळ्यावर चिन्नम्मा नावाच्या बाईच्या गाई पाणी पितात. तिने गाड्यांवर दगड मारले. एक दगड रोहितच्या दिव्याला लागला आणि ग्रुपवर आठवडाभर त्या दिव्याचा शोक चालला. तळ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

गाव तहसील कचेरीत गेलं. तिथले साहेब सज्जन होते, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे आमच्या मंडळींनी सगळं खापर त्यांच्यावरच फोडलं. ते अण्णांना म्हणाले, "ही जागा बंद करायला मला एक चर पुरतो. चालू ठेवायची तर माणसं लागतात. आहेत तुमच्याकडे?" त्यांची अट साधी होती. पाऊस उघडून माती वाळली की रविवारी सकाळी क्लबने येऊन बांध दुरुस्त करायचा. ते स्वतः बघायला येतील. लोक दिसले तर पावसाळ्यात बंद, एरवी चालू आणि देखभाल वर्गणीतून, असं गावाशी ठरवून देतील. नाही दिसले तर माळाच्या तोंडाशी चर. "आणि तुम्ही एकटे येऊ नका," ते म्हणाले. "एक माणूस म्हणजे क्लब नव्हे."

अण्णांनी ग्रुपवर निरोप टाकला. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. इतके अंगठे मी आयुष्यात पाहिले नव्हते. अण्णा मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ की पुणेकर, उगीच नावं ठेवतोस पोरांना." अंगठा वर करणारा माणूस अंथरुणातून उठलेला असतोच असं नाही, हे त्यांना कोण सांगणार?

पण रविवारी पाच गाड्या खरंच आल्या. के. आर. पुरमच्या पुलाखाली सगळ्या एकत्र झाल्या. अण्णांनी सगळ्यांच्या टायरांवर अंगठा दाबून हवा तपासली, फावडी वाटली, रोहितला शेवटची गाडी धरायला सांगितलं. त्यांचा चेहरा मुंजीतल्या बटूसारखा झाला होता. मला वाटलं, आपण उगाच कडू झालोय.

हमरस्ता सोडताना पाचही गाड्या आरशात दिसल्या, मग गाव ओलांडून आम्ही माळावर शिरलो. आत एक फाटा आहे. डावी वाट तळ्याच्या बांधाकडे जाते आणि उजवी एका जुन्या दगडखाणीकडे. ती खाण पाण्याने भरलेली असते आणि कडेला कठडा नाही. फाट्यावर अण्णांनी सवयीप्रमाणे जीप थांबवली आणि आरशात बघितलं. मागे धूळ नव्हती. इंजिनाचा आवाज नव्हता.

"येतील. थांब स्वल्प."

थांबलो. साहेबांची वेळ जवळ आली. मी म्हणालो, "अण्णा, आपण निदान पुढे होऊन साहेबांना गाठू. दुसरा दिवस मागून घेऊ."

"मागचा दिसल्याबिगर हलायचं नाही."

तेवढ्यात मोबाइलला रेंज आली आणि ग्रुपवर फोटो पडला. हमरस्त्यावरच्या हॉटेलात पाचही गाड्यांची मंडळी, पुढ्यात दोसे, आणि खाली रोहितचं वाक्य: अण्णा, यू कॅरी ऑन, वी विल ट्राय टू जॉइन. मी रागाने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून फोटो नीट बघितला.

"दोसा बरा दिसतोय," ते म्हणाले. "खाऊन येतील की."

"नाही येणार! अण्णा, हे लोक येणार नाहीत. तिकडे साहेब उभे असतील. तुम्ही या असल्या लोकांसाठी माळ घालवताय!"

"आणि आले तर? फाट्यावर कोण दिसलं नाही तर उजवीकडं वळतील. उजवीकडं खाण आहे रे."

मला त्यांचा संताप आला. माणसाने किती मूर्ख असावं याला काही मर्यादा? मी खाली उतरून दगडाला लाथ मारली. माझाच अंगठा दुखावला. परत येऊन बसलो तर अण्णा आरशाकडेच बघत होते.

"हाच फाटा तो," ते म्हणाले. "सुमनचा."

"डबा खाल्ला तो?"

"डबा खाल्ला नव्हता रे तिनं." ते आरशावरची धूळ बोटाने पुसत राहिले. "डबा तसाच होता. ती खाणीच्या कडेवर ब्रेक दाबून बसली होती. पुढचं चाक अर्धं बाहेर. पाय काढला तर गाडी जाणार. मी येईपर्यंत तशीच बसली. मी पुढं मजेत शीळ घालत होतो. घरी आल्यावर मला म्हणाली, कुणाला सांगू नका, तुम्हालाच लोक बोलतील. डबा खाल्ला म्हणून सांगा. ती गोष्ट तिनंच रचली."

साहेबांची वेळ टळून गेली, तरी आम्ही दोघं आरशात बघत बसलो.

शेवटी मागे धूळ दिसली. मोपेडवरून चिन्नम्मा येत होती. मागे गवताचा भारा, त्यात खोचलेलं फावडं. आमच्याशेजारी थांबून म्हणाली, "साहेबरु होदरु, अण्णा." साहेब तळ्यापलीकडच्या पायवाटेने येऊन, वाट बघून निघून गेले होते, आणि जाताना चर खणायला सांगून गेले होते. तिच्या आवाजात राग नव्हता. बांध बांधायला ती एकटीच निघाली होती. अण्णांनी फाट्याकडे हात करून तिला पुढे व्हायला सांगितलं, तर ती म्हणाली, "नीवु होगी, नानु बर्तीनी." तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून.

अण्णांचे डोळे भरले. त्यांनी गिअर टाकला आणि बांधापर्यंतची सगळी वाट पुढे कमी आणि आरशात जास्त बघत काढली.

आम्ही तिघांनी बांध घातला. माझ्या हाताला फोड आले. चिन्नम्माने आमच्या डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या आणि लोणचं खारट आहे असं सांगितलं. उन्हं कलायच्या सुमाराला माळाच्या तोंडाकडून जेसीबीचा आवाज यायला लागला.

आम्ही बाहेर पडायला निघालो तेव्हा चर जवळजवळ पुरा झाला होता, फक्त एका गाडीपुरती माती शिल्लक होती. जेसीबीवाल्याने हाताने लवकर लवकर अशी खूण केली. अण्णांनी जीप बाहेर काढून कडेला उभी केली आणि चिन्नम्माची मोपेड चरापलीकडून बाहेर येईपर्यंत आरशातून नजर हलवली नाही. ती हात वर करून गावाकडे वळली.

जेसीबीवाल्याने इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं, मागे अजून कोणी आहे का?

अण्णांनी पुन्हा आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या माणसाने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "इल्ला. यारू इल्ला."

मागे कोणी नाही, असं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.